कुबट वासाचा जमाखर्च

शाळेत असताना इतिहास हा विषय माझ्या आणि वरच्या इयत्तेच्या मध्ये कायम आडवा पडलेला असे. सनावळ्या पाठ होत नसत, आणि ज्या होत त्या परीक्षेत येत नसत. पुढे मी कॉमर्सला गेलो, बँकेत चिकटलो आणि इतिहासाशी असलेला माझा संबंध सुटला तो सुटलाच. पण गेल्या पावसाळ्यात हा इतिहास पत्र्याच्या ट्रंकेत बसून, हमालाच्या डोक्यावरून, तीन जिने चढून आमच्या घरी आला (लिफ्ट नेहमीप्रमाणे दुरुस्तीत होती) आणि सबंध घरभर पसरला. पसरला म्हणजे अक्षरशः पसरला. कारण तो वासाच्या रूपानं आला होता.

त्याचं असं झालं. नारायण पेठेतला आमचा जुना वाडा बिल्डरकडे गेला. वाड्याच्या तळमजल्यावर दोन खोल्यांत माझी आत्या एकटीच राहत असे. वय एक्क्याऐंशी. सारा जन्म शाळेत शिक्षिका म्हणून काढल्यामुळे तिचा आवाज अजूनही शेवटच्या बाकापर्यंत व्यवस्थित पोचतो. नवी इमारत उभी राहीपर्यंत तिनं आमच्याकडे राहायचं ठरलं. ती आली तेव्हा तिच्याबरोबर एक वळकटी, देव्हारा, औषधांची पिशवी आणि ही ट्रंक एवढंच सामान होतं. आमच्या हिनं अत्यंत चांगल्या हेतूनं, म्हणजे आतल्या वस्तू कपाटात नीट लावाव्यात म्हणून, ट्रंकेची कडी काढली.

आणि आतून एक वास उठला. वास येतो किंवा सुटतो असं म्हणायची पद्धत आहे, हे मला ठाऊक आहे. पण हा उठला. साठ-पासष्ट वर्षं झोपलेल्या माणसानं उठावं तसा तो आधी किंचित घुटमळला, मग त्यानं आळस दिला आणि शेवटी स्वयंपाकघरापर्यंत फेरफटका मारून आला. ओलं पोतं, जुन्या विहिरीची पायरी, पावसाळ्यात आठ दिवस दप्तरात राहिलेला डबा आणि सरकारी कचेरीतलं तळाचं कपाट या सगळ्यांचं थोडं थोडं भागभांडवल त्यात होतं.

"अहो, हे आजच्या आज बाहेर गेलं पाहिजे," ही नाकाला पदर लावून म्हणाली.

"हात लावायचा नाही कुणी," आतल्या खोलीतून आत्याचा आवाज आला. "पानशेतचा वास आहे तो!"

बाहेरगावच्या वाचकांना या वाक्याचा उलगडा होणार नाही. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पुण्याजवळचं, बांधकाम अजून पुरं न झालेलं पानशेतचं धरण फुटलं. ते पाणी खाली आलं आणि त्यापायी जुनं खडकवासल्याचं धरणही गेलं. मुठेच्या काठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पुण्यातल्या एका पिढीची कालगणना 'पुराच्या आधी' आणि 'पुरानंतर' अशी दोन भागांत पडली, ती त्या दिवसापासून. आमचा वाडा नदीपासून हाकेच्या अंतरावर. आजोबा, सतरा वर्षांची आत्या आणि तेरा वर्षांचे माझे वडील नेसत्या वस्त्रांनिशी पर्वतीच्या पायथ्याशी एका नातेवाइकांकडे गेले. परत आले तेव्हा घरात गुडघाभर चिखल होता आणि त्या चिखलात पलंगाखाली ही ट्रंक होती. तिच्यातलं सामान वाळवायचं कसं? जुलै महिना, वर पाऊस, खाली ओल. जमेल तितकं झटकून, पिळून ते पुन्हा ट्रंकेत भरलं गेलं, आणि 'पुढं बघू' असं म्हणून ट्रंक पलंगाखाली ढकलली गेली. मराठी घरात 'पुढं बघू' याची मुदत साधारण साठ वर्षांची असते.

आता या ट्रंकेचं करायचं काय? फेकून द्या, असं एक मत. ठेवा, असं दुसरं. बँकेत एखादी रक्कम कुठल्याच खात्यात बसत नसली की आम्ही ती सस्पेन्स खात्यात टाकतो. मी त्याच धर्तीवर ट्रंक बाल्कनीत ठेवली आणि निर्णयासाठी एक महिन्याची मुदत मागून घेतली. त्या महिन्यात मी कुबट वासाबद्दल मिळेल ते वाचलं. आयुष्यात इतिहास आपणहून वाचण्याची ही माझी पहिलीच खेप.

सुरुवात भाषेपासून केली. मराठी माणसाला एखादा वास आवडला नाही की तो त्या वासाला 'ट' लावतो. ट्रंकेचा वास कुबट. बंद खोलीचा कोंदट. पावसाळी हवा दमट. न वाळलेल्या बनियनचा वास उबट. जुन्या खोबऱ्याचा खवट, तेलाच्या बुधलीचा ओशट, भांड्याला लागलेल्या दुधाचा करपट, चुलीजवळच्या भिंतीचा धुरकट. चांगल्या वासांच्या वाट्याला मात्र हा 'ट' येत नाही. ते खमंग असतात, खरपूस असतात, मंद असतात. बारीकसारीक फरक ओळखून बदनामी करण्याची ही सोय आपल्या पूर्वजांनी केली, याचा अर्थ त्यांच्या घरांतून या वासांचा पुरेसा अनुभव असला पाहिजे.

पण या वासाला नुसती नावं ठेवून जग थांबलेलं नाही. शेकडो वर्षं जगानं त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलेलं होतं. रोग हे घाण वासातून होतात, सडक्या, कोंडलेल्या, ओलसर हवेतच रोगाचं विष असतं, असं मोठमोठे वैद्य आणि डॉक्टर मानत असत. 'मलेरिया' या शब्दाचा मूळ इटालियन अर्थच मुळी 'वाईट हवा' असा आहे. लंडनमध्ये १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीला असा काही वास सुटला की काठावरच्या पार्लमेंटात बसणं अशक्य झालं. तिथले पडदे क्लोराइड ऑफ लाइममध्ये, म्हणजे आपल्या ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात, भिजवून टांगले, तरी उपयोग होईना. वर्षानुवर्षं रखडलेलं गटारांचं काम मग झटपट मंजूर झालं. (लोकांच्या तक्रारी वरिष्ठांच्या नाकापर्यंत पोचवाव्यात असं म्हणतात, ते उगाच नाही.) बॅझलगेट नावाच्या इंजिनिअरनं नव्या भुयारी गटारांची योजना पुरी केली आणि पुढे लंडनमधून कॉलरा हटला. तो हटला वास गेल्यामुळे नव्हे, पिण्याच्या पाण्यातली घाण गेल्यामुळे. व्हाउचर चुकीचं, पण रक्कम बरोबर. असं कधी कधी आमच्याकडेही होतं.

मुंबईत हीच गोष्ट जास्त दुःखाची झाली. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेगचा रोगी ओळखला. मांडवीतली घरं दाट, अंधारी, ओलीची. तेव्हा दोष कुणाचा? अर्थातच त्या कोंदट हवेचा. गटारं कार्बोलिकनं धुतली गेली, भिंतींना चुना फासला गेला, उजेड यावा म्हणून घरांची कौलं काढली गेली. जी घरं फारच वाईट वाटली त्यांच्यावर इंग्रजीत 'यू. एच. एच.' अशी अक्षरं रंगवली जात. अर्थ, माणसानं राहण्यास अयोग्य. आमच्या हिनं ट्रंकेकडे ज्या नजरेनं पाहिलं त्या नजरेत ही तीन अक्षरं मला स्वच्छ वाचता आली.

पुण्यात १८९७ मध्ये रँडच्या हाताखालचे सोल्जर घराघरांत शिरले. त्यांनी माजघरं आणि देवघरं धुंडाळली, सामान रस्त्यावर काढलं आणि काही जाळलं. लोकांच्या मनात त्याची जी चीड साठली, तिचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंच्या गोळ्यांनी झाला, हे तर शाळेत पस्तीस मार्क मिळवणाऱ्यालाही माहीत आहे. मला माहीत नव्हतं ते पुढचं. पॉल-लुई सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, कराचीत प्रयोग करून दाखवलं की प्लेग पसरवतात त्या उंदरांवरच्या पिसवा. आणि मलेरिया? रोनाल्ड रॉसनं २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू पाहिला होता. म्हणजे ज्या साली पुण्यात कोंदट हवेच्या संशयावरून बायामाणसांच्या पेट्या उपसल्या जात होत्या, त्याच साली हवा एका गुन्ह्यातून सुटली होती आणि दुसऱ्यातून सुटण्याच्या बेतात होती. निकाल मात्र ज्यांच्या पेट्या जळाल्या त्यांच्यापर्यंत वेळेवर पोचला नाही.

तरीपण एक कबूल केलं पाहिजे. त्या चुकीच्या समजुतीनं खिडक्या मात्र बरोबर उघडल्या. १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्यांनी इमारतींच्या उजेडासाठी साडेत्रेसष्ट अंशांचा एक नियम धरला. भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे रेघ काढली तर तिचा जमिनीशी होणारा कोन साडेत्रेसष्ट अंशांहून जास्त नसावा. हिशेब केला तर समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मं मोकळं अंतर दोहोंमध्ये हवं. मी लगेच कंपास-पेटीतला कोनमापक घेऊन बाल्कनीत गेलो. आमच्या आणि समोरच्या सोसायटीच्या मध्ये जे अंतर आहे त्यात तो कोन बसेना. शेवटी समोरच्या काकूंनी "काही हरवलंय का?" असं विचारल्यावर मी आत आलो. आमच्या घरात जुलैमध्ये चपलांवर हिरवी साय का धरते, ते मात्र त्या दिवशी कळलं.

एवढं वाचून झाल्यावर ट्रंकेच्या वतीनं मी हिला सांगितलं, "या वासानं कुणाला प्लेग होत नाही. सिद्ध झालंय."

"मग काय होतं?" हिनं विचारलं. "कारण आत्यांना कालपासून शिंका येतायत आणि तुमचा दमा तुमच्या आईनं लग्नाच्या वेळी लपवून ठेवला होता."

हा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. बुरशीनं काही लोकांना शिंका आणि दमा होतो, हेही सिद्ध झालेलंच आहे. तेव्हा मी इतिहासाचं पुस्तक मिटून रसायनशास्त्राकडे वळलो.

तिथे मोठी गंमत आहे. १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या दोन शास्त्रज्ञांनी पहिल्या पावसात मातीला जो वास येतो त्याचा अभ्यास करून त्याला 'पेट्रिकोर' असं नाव दिलं. आपले कनौजचे अत्तारवाले तोच वास चंदनाच्या तेलात पकडून मातीचं अत्तर म्हणून विकत आलेले आहेत. पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, अमेरिकेत गर्बर आणि लेशव्हालिए या जोडीनं मातीतल्या जंतूंपासून हा मातकट वास देणारा पदार्थ वेगळा काढला आणि त्याला 'जिओस्मिन' म्हटलं. हा जिओस्मिन पाण्याच्या एका लाख कोटी भागांत जेमतेम पाच-दहा भाग असला तरी माणसाच्या नाकाला कळतो. लाख कोटीत पाचाचा फरक शोधणं आमच्या ऑडिटरनाही जमलेलं नाही. आणि हाच जिओस्मिन तळघरांच्या आणि ओल्या भिंतींच्या वासातही सापडतो. म्हणजे एकच पदार्थ अंगणात असला की कविता होतात आणि ट्रंकेत असला की कटकटी होतात.

दुसरा जो पदार्थ आहे तो खास बुरशीचा. त्याचं नाव 'एक-ऑक्टीन-तीन-ऑल'. नाव वाचून मला आधी कुणाचा तरी खाते क्रमांक वाटला. अळंब्यांना जो वास येतो तो मुख्यतः याचा. माणसाच्या घामातही तो थोडा असतो आणि डास पकडण्याच्या काही सापळ्यांत आमिष म्हणून तोच वापरतात. वाईट हवेनं मलेरिया होतो म्हणणारे जुने वैद्य आज असते, तर हे ऐकून त्यांनी अपील केलं असतं!

बुरशीचे बीजकण सगळीकडेच असतात. माझ्या चष्म्यावर आहेत, हे पुस्तक हातात धरलेल्या तुमच्या बोटांवरही आहेत. ते नुसते वाट पाहत बसलेले असतात. हवेतली आर्द्रता बराच काळ पासष्ट-सत्तर टक्क्यांच्या वर राहिली आणि वारा खेळता नसला की ते कामाला लागतात. कापूस, कातडं, खळ, कागद, जे पुढ्यात येईल ते खातात, आणि खाताना जी वाफ सोडतात ती आपल्याला वास म्हणून येते. थोडक्यात, कुबट वास म्हणजे जेवणावळ चालू असल्याची खूण.

आमच्या बँकेच्या रेकॉर्ड रूममध्ये पूर्वी अशा जेवणावळी रोज झडत. बँकांनी कुठले कागद किती वर्षं जपायचे याचे १९८५ चे सरकारी नियम आहेत. काही पाच वर्षं, काही आठ. आमच्या शाखेत मात्र 'असू द्या, कधी लागलं तर' या जुन्या नियमानं बरंच काही पडून असे. तिथल्या एका वयस्क शिपायाला नुसत्या वासावरून लेजरची अवस्था कळे. "साहेब, हे अजून कोरडं आहे, चालेल. ते पलीकडचं गेलं, उघडू नका," असं तो दारातूनच सांगे. आम्ही हसत असू. आता वाचल्यावर हसण्याचं काही कारण नव्हतं हे कळलं. कारण २००९ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी नेमकं हेच करून दाखवलं. जुन्या पुस्तकाच्या वासातली रसायनं मोजायची आणि पान न फाडता कागदाची तब्येत सांगायची. आमचा शिपाई हे काम यंत्राशिवाय, चहाच्या बदल्यात करत असे.

जुन्या पुस्तकांना जो गोडसर वास येतो त्याचंही कारण असंच आहे. १८४४ मध्ये जर्मनीत केलर नावाच्या माणसानं लाकूड भरडून कागदाचा लगदा करण्याची युक्ती काढली आणि पुढे कागद स्वस्त झाला. पण लाकडात लिग्निन नावाचा पदार्थ असतो. तो कागदात राहिला तर काळ जाईल तसा तुटत जातो, कागद पिवळा पडतो, कडा मोडतात, आणि व्हॅनिलासारखा वास येऊ लागतो. पेशवे दप्तरातले मोडी कागद असे मोडत नाहीत. तो जुन्नरी, दौलताबादी असा हातानं केलेला कागद, चिंध्यांपासून आणि धाग्यांपासून बनलेला. त्यात लिग्निन जवळजवळ नसतंच. शिवाय ते कागद पेट्यांत कोंबत नसत, सुती कापडाच्या रुमालांत बांधून ठेवत. कापडातून हवा खेळते आणि ओल शोषली जाते. दीडशे-दोनशे वर्षांनी, १९३० ते १९३४ या काळात, रियासतकार सरदेसाई त्यातून निवडलेल्या कागदांचे पंचेचाळीस खंड छापू शकले, त्याचं थोडं श्रेय त्या रुमालांच्या गाठींना द्यायला हरकत नाही. आमच्या घराण्यानं पेशव्यांपासून घेण्यासारखं पुष्कळ होतं. घेतला तो फक्त दुपारच्या झोपेचा शौक.

अलीकडे तर चक्र उलटं फिरलं आहे. ज्या वासाला पार्लमेंट घाबरलं, त्याच्याच कुळातल्या वासांना आता वारसा म्हणतात. लंडनमधल्या सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या जुन्या ग्रंथालयाचा वास कसा जपावा यावर २०१७ मध्ये संशोधन प्रसिद्ध झालं. येणाऱ्याजाणाऱ्यांना वास देऊन विचारण्यात आलं. ग्रंथालयात आलेल्यांना तो लाकडाचा, धुराचा, मातीचा वाटला. बर्मिंगहॅमच्या संग्रहालयात लोकांना जुन्या पुस्तकाचा वास, ते पुस्तक न दाखवता, हुंगायला दिला, तर पुष्कळांनी चॉकलेट आणि कॉफी सांगितलं. हे मी हिला वाचून दाखवलं. "मग बाल्कनीत जाऊन नाश्ता करून या," एवढंच ती म्हणाली.

आणि इथं, वाचता वाचता, मला माझ्या बी. कॉम.ची आठवण झाली. वास येतो म्हणजे काय होतं? वस्तूचे कण उडून नाकात येतात. जुन्या पुस्तकाचा वास म्हणजे त्या पुस्तकाचाच तुटलेला, हवेत निघालेला अंश. ट्रंकेतल्या लुगड्याचा वास म्हणजे बुरशीनं खाऊन टाकलेला लुगड्याचा तेवढा भाग. आम्ही हिशेबात याला घसारा म्हणतो. यंत्र झिजतं, इमारत झिजते, दरवर्षी त्यांची किंमत तेवढी कमी करायची. फक्त यंत्राचा घसारा लेजरमध्ये दिसतो आणि लुगड्याचा नाकाला कळतो. वास ठेवायचा तर वस्तू जाते. वस्तू ठेवायची तर वास जाऊ द्यावा लागतो. दोन्ही एकाच वेळी शिल्लक दाखवता येत नाहीत. ताळेबंद जुळत नाही.

महिना संपला त्या संध्याकाळी मी हे सगळं आत्याला सांगितलं. लंडन, मुंबई, लाख कोटी, सगळं. शिक्षिकेसारखं तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुला वाटतं मला त्या वासाचं कौतुक आहे?"

"मग?"

"अरे, आई गेली साठ साली. पूर एकसष्ट साली. मधलं वर्षभर तिच्या त्या लुगड्याला तिचा वास होता. मी घडी मोडू देत नव्हते कुणाला. रोज शाळेला जाताना ट्रंक उघडायची, एकदा वास घ्यायची, पुन्हा कडी लावायची. पुरानं तो वास नेला आणि बदल्यात हा ठेवला. आता तिच्या लुगड्याला वास म्हणून जो काही आहे तो हाच. वाईट असला म्हणून काय झालं?"

यावर काय बोलायचं ते कॉमर्सच्या कुठल्याच पुस्तकात नाही. मी गप्प बसलो. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाजही थांबला होता.

थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "म्हणजे तू म्हणतोस, वास येतो तेवढं ते लुगडं कमी होतंय?"

"हो."

"रोज?"

"पावसाळ्यात जास्त."

ती उठली आणि झोपायला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून बाहेर आली आणि हिला म्हणाली, "सूनबाई, ऊन कधी पडतंय बघ. ती ट्रंक काढू."

दसऱ्यानंतर ऊन पडलं. आम्ही ट्रंक गच्चीवर नेली. कपडे उन्हात, पण कागद मात्र पाण्याच्या टाकीच्या सावलीत, वाऱ्यावर ठेवायचे, कारण कडक उन्हानं कागद आणि शाई दोन्ही बिघडतात, हे मी वाचलेलं होतं आणि महिनाभरात प्रथमच माझं वाचन कुणाच्या तरी उपयोगी पडत होतं. नाकातोंडाला मास्क बांधून मी दाढीच्या जुन्या ब्रशानं एकेक पान झाडायला बसलो. आत्या छत्री आणि काठी घेऊन कावळ्यांवर देखरेख करत होती. ही आजोबांचा काळा कोट झटकत होती आणि वरून शेजारणींना "नाही हो, पानशेतचं आहे" असं अभिमानानं सांगत होती.

ट्रंकेत जमाखर्चाच्या सात वह्या निघाल्या. पाच आजोबांच्या, टाकानं लिहिलेल्या. त्यांत शाई फुटून नुसते निळे ढग उरले होते, एक आकडा लागत नव्हता. दोन वह्या आजीच्या. आजी शिसपेन्सिलीनं लिहीत असे. पेन्सिलीचं शिसं म्हणजे ग्राफाइट, ते पाण्यात विरघळत नाही. पानशेतचं अख्खं पाणी त्या वह्यांवरून गेलं, पण दुधाचा हिशेब जागचा हलला नव्हता. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, तरी आजीचा आण्यांवरचा विश्वास उडालेला दिसला नाही. ती आधी आण्यांत लिही आणि खाली बारीक अक्षरात नव्या पैशांत. १९५८ च्या एका पानावर मी थांबलो आणि आत्याला हाक मारली. तिथं लिहिलं होतं : 'बेबीला गॅदरिंगसाठी रिबिनी, दोन आणे (बारा न. पै.). हट्ट फार करते.'

आमच्या आत्याचं नाव बेबी आहे हे मला सत्तेचाळीस वर्षांत ठाऊक नव्हतं. तिनं चष्मा वर केला, ओळ वाचली, पुन्हा वाचली आणि म्हणाली, "दोन आण्यांना दोन यायच्या. मला चार हव्या होत्या." मग बराच वेळ ती कावळ्यांकडे पाहायला विसरली.

ती वही ट्रंकेत पासष्ट वर्षं होती. तिच्या वासामुळे ती कुणी उघडली नव्हती, आणि वासासाठीच ती कुणी टाकूनही दिली नव्हती. खर्च आणि जमा, दोन्हीकडे एकच रक्कम. असा हिशेब मी बँकेत केला तर मला घरी बसवतील, पण इथं तो टॅली झाला.

चार दिवसांच्या उन्हानंतर सगळ्या वस्तू सुती रुमालांत बांधून, डांबराच्या गोळ्यांशिवाय, कपाटाच्या वरच्या कप्प्यात गेल्या. लुगडं ठेवण्यापूर्वी आत्यानं ते नाकाशी नेलं. "गेला," एवढंच म्हणाली. आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला नाही.

दुसऱ्या दिवशी पाहतो तो तिच्या उशाशी, औषधांच्या बाटल्यांच्या रांगेत, मुरंब्याची एक रिकामी बाटली. आत कापडाचा मळकट तुकडा, झाकण घट्ट, वर मेणाचा थर. आजोबांच्या कोटाच्या फाटक्या अस्तराचा तो तुकडा हिनं उन्हात घालण्यापूर्वीच कापून ठेवला होता. ज्या बाईनं ट्रंकेवर 'यू. एच. एच.' लिहिलं होतं तिनंच! मी विचारलं तर म्हणाली, "तुमचा घसारा तुमच्यापाशी. आत्यांच्या नावे थोडं शिल्लक असू दे. फक्त उघडायची नाही, नाहीतर सगळ्या शिंकत बसू."

आमच्या बँकेत काही वृद्ध खातेदार दर महिन्याला काठी टेकत येतात, रांगेत उभे राहतात, पासबुक भरून घेतात, शिल्लक बघतात आणि एक पैसाही न काढता घरी जातात. पूर्वी मला त्यांचा राग येत असे. आता येत नाही. आत्या रोज रात्री दिवा मालवण्यापूर्वी ती बाटली हातात घेते, उजेडाकडे धरून एकदा पाहते आणि झाकण न उघडता जागच्या जागी ठेवून देते.